कच्छच्या खडकांतले चालणारे देवमासे

जम्मू-काश्मीरच्या राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोट भागातून भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी हाडांनी भरलेले दगड गोळा करून आणले होते. त्यातल्या दात आणि जबड्याच्या तुकड्यांवरून १९७१ मध्ये त्यांनी एका छोट्या खुरवाल्या प्राण्याचं वर्णन केलं आणि त्याला ‘इंडोह्यूस’ असं नाव दिलं. बाकीचे दगड फोडून व्हायच्या आतच त्यांचं निधन झालं. त्यांच्या पत्नीने ते दगड वर्षानुवर्षं सांभाळले आणि अखेर हान्स थेविसन या अमेरिकेत काम करणाऱ्या शरीरशास्त्रज्ञाच्या हवाली केले. प्रयोगशाळेत एक कवटी साफ करत असताना सहायकाच्या हातून कानाजवळचं हाड मोडलं. मोडलेल्या जागी आतली कड चांगलीच जाड आणि बाहेरची पातळ दिसली. तोवर कानाची अशी ठेवण फक्त देवमासे आणि डॉल्फिन यांच्या कुळातच माहीत होती.

मांजराएवढा, चार पायांचा, खुरं असलेला प्राणी आणि त्याचा कान देवमाशाचा! थेविसन आणि सुनील बाजपेयी यांच्यासह पाच जणांनी २००७ मध्ये ही माहिती ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केली. इंडोह्यूसच्या पायांची हाडं आतून भरीव आणि जड होती. उथळ पाण्यात तळावरून चालणाऱ्या पाणघोड्याची हाडंही अशीच जड असतात. म्हणजे जमिनीवरच्या या प्राण्याचा बराचसा वेळ पाण्यात जात होता.

देवमासा हे उत्क्रांतीच्या सिद्धांतापुढचं जुनं कोडं. तो पिलाला दूध पाजतो, फुप्फुसांनी श्वास घेतो, त्याचं रक्त उष्ण असतं. त्याच्या परामध्ये दंड, कोपर, मनगट आणि बोटं यांची हाडं अगदी माणसाच्या हातातल्या क्रमाने असतात. दापोली-मालवणच्या समुद्रात होडीतून डॉल्फिन पाहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सहज दिसू शकते. मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो, डॉल्फिन मात्र वर-खाली. धावणाऱ्या कुत्र्याची किंवा घोड्याची पाठ जशी वर-खाली वाकते, तशीच डॉल्फिनची वाकते. जमिनीवर धावणाऱ्या पूर्वजांकडून आलेली ही कण्याची सवय पाण्यातही सुटलेली नाही.

पण मधले प्राणी कुठे होते? चार्ल्स डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात एक तर्क मांडून पाहिला होता. उत्तर अमेरिकेतलं काळं अस्वल तासन्‌तास तोंड उघडं ठेवून पोहतं आणि पाण्यातले किडे पकडतं, असं त्याच्या वाचनात आलं होतं. अशा अस्वलांपासून पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून देवमाशासारखा प्राणी घडणं त्याला अशक्य वाटत नव्हतं. त्यावर इतकी टीका झाली की पुढच्या आवृत्तीत त्याने तो तर्क गाळला. अस्वल हा त्याचा अंदाज खरोखरच चुकीचा होता. जमिनीवरचा सस्तन प्राणी पाण्यात उतरून देवमासा झाला, हे मूळ म्हणणं मात्र बरोबर होतं. ते सिद्ध करणारे खडक भारतीय उपखंडात होते आणि त्यांच्यापर्यंत पोहोचायला विज्ञानाला शंभराहून अधिक वर्षं लागली.

सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आशियाला येऊन भिडत होता. दोघांच्या मधला टेथिस समुद्र आक्रसत चालला होता. हिमालय अजून उभा राहायचा होता. आजचं उत्तर पाकिस्तान, काश्मीरचा पायथा आणि कच्छ या पट्ट्यात तेव्हा नद्या, खाड्या आणि उबदार उथळ समुद्र होता. देवमाशांच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा याच पाण्यात घडला.

१९८१ मध्ये फिलिप गिंगरिच आणि डोनाल्ड रसेल यांनी पाकिस्तानातल्या एका कवटीला ‘पाकिसेटस’ हे नाव दिलं. तिचा कान देवमाशाचा होता, पण ती सापडली नदीकाठच्या गाळात. पुढे मिळालेल्या हाडांवरून कळलं की हा लांडग्याएवढा, चार पायांवर चालणारा प्राणी होता. १९९४ मध्ये थेविसन आणि त्यांच्या पाकिस्तानी सहकाऱ्यांनी ‘अँब्युलोसेटस नॅटन्स’चं वर्णन केलं. त्याचे पंजे मोठे, पाय आखूड आणि जबडा लांब होता. तो जमिनीवर चालू शकत असे आणि पाण्यात पाय मारत पोहतही असे.

अँब्युलोसेटसच्या दातांनी तर आणखी कमाल केली. ऑक्सिजनच्या अणूंचे हलके आणि जड असे प्रकार असतात. गोड्या पाण्यात त्यांचं प्रमाण एक असतं, समुद्राच्या पाण्यात दुसरं. प्राणी जे पाणी पितो त्याची नोंद दात तयार होताना दातातच होते आणि ती कोट्यवधी वर्षं टिकते. अँब्युलोसेटसची हाडं किनाऱ्याजवळच्या खाऱ्या पाण्यातल्या थरांत सापडली, पण त्याच्या काही दातांमध्ये गोड्या पाण्याची खूण निघाली. शिकार खाडीत आणि पिण्याचं पाणी नदीचं, असं त्याचं जगणं असावं. त्यानंतरच्या देवमाशांच्या दातांत समुद्राची खूण स्पष्ट दिसते. एखादा प्राणी समुद्रावर विसंबून कधी जगू लागला, हे रसायनशास्त्राने इतक्या नेमकेपणाने सांगावं, याहून विलक्षण काय असेल?

कच्छने या साखळीतले पुढचे दुवे दिले. तिथल्या देवमाशांच्या जीवाश्मांचं वर्णन अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकातच सुरू केलं होतं. २००० मध्ये बाजपेयी आणि थेविसन यांनी ‘कच्छिसेटस मिनिमस’ची ओळख करून दिली. नावावरूनच कळतं त्याप्रमाणे तो आकाराने लहान होता. पाय आखूड, शेपूट लांब आणि दणकट, डोळे बारीक. त्याच्या कुळातले प्राणी गढूळ किनारी पाण्यात नजरेपेक्षा कानावर अधिक विसंबत असावेत, असं त्यांच्या कवट्यांवरून दिसतं.

यानंतरचा काळ पाहायचा तर इजिप्तच्या वाळवंटात जायला हवं. तिथल्या वादी अल-हितान या खोऱ्यात देवमाशांचे शेकडो सांगाडे उघडे पडले आहेत. २००५ पासून हे ठिकाण जागतिक वारसा यादीत आहे. इथला ‘बॅसिलोसॉरस’ १५ मीटरहून लांब आणि पूर्णपणे समुद्रात राहणारा होता. त्याचं नाव १८३४ मध्ये अमेरिकेतल्या हाडांवरून ठेवलं गेलं, तेव्हा तो अवाढव्य सरपटणारा प्राणी समजला गेला होता. १९९० मध्ये गिंगरिच यांच्या गटाने त्याचे मागचे पाय जगापुढे आणले. एवढ्या प्रचंड देहाला जेमतेम ३५ सेंटिमीटरचे पाय होते, आणि त्यांत मांडी, गुडघा, घोटा, बोटं सगळं होतं. त्या पायांवर शरीराचं वजन पेलणं अशक्य होतं.

सगळे पुरावे सुरुवातीपासून एकमेकांशी जुळत मात्र नव्हते, आणि या कथेतला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे. १९६० च्या दशकापासून जीवाश्मतज्ज्ञ देवमाशांचं नातं मेसोनिकिड नावाच्या नामशेष मांसाहारी प्राण्यांशी जोडत होते, कारण दोघांचे दात सारखे होते. गिंगरिचही त्याच मताचे होते. रेणूंचा अभ्यास करणारे वेगळंच सांगू लागले. देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. जपानमधल्या नोरिहिरो ओकादा यांच्या गटाने त्यासाठी फार पक्का पुरावा दिला. डीएनएचे काही छोटे तुकडे स्वतःची नक्कल करून जनुकसंचात कुठेतरी घुसतात आणि पुढे वंशपरंपरेने तिथेच राहतात. असे काही तुकडे पाणघोडा आणि देवमासा या दोघांत अगदी त्याच जागी सापडले. गाय, डुक्कर किंवा उंट यांच्यात ते नव्हते. दोन प्राण्यांत स्वतंत्रपणे, नेमक्या त्याच ठिकाणी, तोच तुकडा पुन्हा पुन्हा घुसणं जवळपास अशक्य असतं. ते तुकडे एकाच पूर्वजाकडून आले, हाच त्याचा सरळ अर्थ.

हा वाद मिटवू शकेल असं एकच हाड होतं, ते घोट्यात. गाय, शेळी, हरीण, पाणघोडा या समखुरी प्राण्यांच्या घोट्याच्या हाडाला दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असते. इतर सस्तन प्राण्यांत अशी दुहेरी खाच नसते. आजच्या देवमाशाला घोटाच नाही, त्यामुळे उत्तर जुन्या देवमाशांकडूनच मिळणार होतं. सप्टेंबर २००१ मध्ये एका दिवसाच्या अंतराने दोन शोधनिबंध आले. थेविसन यांच्या गटाला पाकिसेटसच्या कुळातले घोटे मिळाले होते, तर गिंगरिच यांच्या गटाला पाकिस्तानातच त्याहून पुढच्या देवमाशांचे. दोन्हीकडे दुहेरी कप्पी स्पष्ट होती. गिंगरिच यांनी आपलं जुनं मत मोकळेपणाने सोडलं. रेणूंच्या अभ्यासातून एक भाकीत झालं आणि खडकातल्या हाडाने ते खरं ठरवलं. उत्क्रांती हा ‘नुसता अंदाज’ आहे असं म्हणणाऱ्यांनी या घोट्याकडे जरूर पाहावं.

यातला कोणताही प्राणी दुसऱ्याचा सख्खा आजोबा होता, असा दावा शास्त्रज्ञ करत नाहीत. कालाकोटचा इंडोह्यूस तर पाकिसेटसपेक्षा थोडा अलीकडचाच आहे. तो देवमाशांच्या पूर्वजांच्या भावकीतला. शिवाय या प्राण्यांना ‘समुद्रात जायचंय’ असं काही ठरवायचं नव्हतं. काठावरच्या प्राण्यांत ज्याची हाडं थोडी जड, ज्याला पाण्याखाली थोडं बरं ऐकू येई, तो शिकार साधून आणि शत्रू चुकवून जास्त पिलं मागे ठेवी. लाखो पिढ्या हेच होत राहिलं. नाकपुड्याही अशाच सरकल्या. पाकिसेटसच्या त्या मुस्कटाच्या टोकाशी होत्या, बॅसिलोसॉरसच्या बऱ्याच मागे आल्या होत्या आणि आज त्या डोक्याच्या माथ्यावर आहेत.

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. त्याविरुद्ध १८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी खुलं पत्र लिहिलं. बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग आहे, पण दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलांपर्यंत तो कधीच पोहोचणार नाही, आणि हे नुकसान मोठं आहे. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पाठ आहे, ही समाधानाची बाब. त्यात जोडणारे दुवे म्हणून डकबिल प्लॅटिपस, लंगफिश ही उदाहरणं येतात. कच्छ आणि कालाकोटही तिथे यायला हवेत. आपल्याच देशातल्या खडकांतून, आपल्याच शास्त्रज्ञांच्या हातून निघालेला हा पुरावा आहे.

हा इतिहास जिवंत देवमाशांच्या शरीरातही वाचता येतो. डॉल्फिनच्या गर्भाला पहिल्या काही आठवड्यांत मागच्या पायांचे अंकुर फुटतात आणि पुढे जिरून जातात. १९१९ मध्ये कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटाजवळ पकडलेल्या एका हंपबॅक मादीला तर सव्वा मीटरचे मागचे पाय शरीराबाहेर आलेले होते. निळ्या देवमाशाला दात नसतात. तरी त्याच्या कुळातल्या प्राण्यांच्या गर्भात दातांचे अंकुर येऊन विरतात, आणि दातांवरचं एनॅमल घडवणारी जनुकं त्यांच्या डीएनएमध्ये मोडक्या अवस्थेत अजून आहेत.

मागच्या पायांपैकी आज बहुतेक देवमाशांत उरली आहेत ती कमरेची दोन छोटी हाडं, कण्यापासून सुटलेली, स्नायूंत रुतलेली. ती निरुपयोगी आहेत असं बराच काळ मानलं जाई. २०१४ मध्ये अमेरिकी संशोधकांनी संग्रहालयांतली अनेक जातींची ही हाडं मोजली. नराच्या जननेंद्रियाचे स्नायू याच हाडांना जोडलेले असतात, आणि ज्या जातींत मादीसाठी नरांची स्पर्धा तीव्र असते, त्यांत शरीराच्या मानाने ही हाडं मोठी असल्याचं दिसलं. चालण्याचं काम संपल्यावरही निवडीचा हात या हाडांवरून उठलेला नाही.