पोथ्यांचा माग काढणारा ठाणेकर

1 जून 1893 रोजी ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू झालं, तेव्हा त्याच्या संस्थापकांपैकी विनायक लक्ष्मण भावे जेमतेम एकवीस वर्षांचे होते. वाचनालयं याआधीही होती. शेजारच्या कल्याणात सार्वजनिक वाचनालय 1864 पासून चालू होतं. पण फक्त मराठी ग्रंथ, आणि तेही जमतील तितके सगळे, एका ठिकाणी जपायचे, हा हट्ट नवा होता. मुंबईतलं मराठी ग्रंथ संग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी उभं राहिलं.

भावे शिकले विज्ञान, पुढे धंदा केला मिठाचा. मन मात्र पोथ्यांत. त्यांचं ‘महाराष्ट्र सारस्वत’ आधी विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाला’ मासिकात आलं आणि 1919 मध्ये त्याची खूप वाढवलेली आवृत्ती निघाली. त्या वाढीत मोठा वाटा महानुभावांचा आहे. या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. सकळ लिपीत अक्षरांची अदलाबदल असते, त्यामुळे किल्ली नसेल तर पोथी हातात असूनही वाचता येत नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती किल्ली उलगडली आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कित्येक शतकांचं गद्य-पद्य नव्याने दाखल झालं. भाव्यांनी ते लगोलग आपल्या ग्रंथात घेतलं. पहिल्या लेखनाला चिकटून न बसता नवा पुरावा हाती येताच त्यांनी इतिहास पुन्हा लिहिला, हे मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं.

तुकोबांच्या बाबतीतही त्यांनी मुळाकडेच धाव घेतली. सरकारी मदतीने निघालेली इंदुप्रकाशची गाथा 1869 पासून वाचकांपुढे होती. पण तुकोबांचे टाळकरी संताजी तेली जगनाडे यांच्या वह्या घराण्यात जपलेल्या होत्या. त्यांवरून भाव्यांनी ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ छापला. एका कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या वह्या सांभाळल्या म्हणूनच हे घडू शकलं. संशोधक येईपर्यंत कागद टिकवून धरणाऱ्यांची नावं इतिहासात क्वचितच येतात.

पोथी टिकते कशी, हेही पाहण्यासारखं आहे. सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या, भोवती घट्ट गुंडाळलेलं कापड. बोरूने, काजळाच्या शाईने लिहिलेली अक्षरं पाण्यापासून जपली तर सहसा पुसट होत नाहीत. चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ लावून वर पुन्हा लिहीत. शेवटी पुष्पिकेत शक, तिथी आणि लिहिणाऱ्याचं नाव. बासनात वेखंड ठेवलं की कसर लांब राहते. चिंध्यांपासून केलेला जुना हातकागद दोनशे वर्षांनीही हाताला मऊ लागतो. याउलट लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आम्लामुळे पिवळा पडतो, घडीवर तुटतो. म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातल्या पोथीपेक्षा 1940 चं पत्र आधी संपण्याची भीती जास्त! ठाण्याच्या खाडीकाठच्या दमट पावसाळ्यात तर वाळवी आणि बुरशी दोन्हींना फावतं.

ठाण्याच्या संग्रहालयाने आपल्या जुन्या, दुर्मीळ पुस्तकांची डिजिटल रूपं तयार करून ती वाचकांना मोफत खुली केली. छापील पुस्तकांची सोय अशी लागते आहे. लेखकांची पत्रं, टिपणं, खाडाखोड केलेले खर्डे यांचं काय? पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारख्या लेखकांनी डोंबिवलीत संसार केला, लिहिलं. अशा घरांत संपादकांची, वाचकांची, मित्रांची पत्रं येतच असणार. छापलेल्या कथेच्या बाजूला तिचा पहिला खर्डा ठेवला तर लेखकाने काय गाळलं ते दिसतं. पत्रांतून ते का गाळलं याचा माग लागतो. समीक्षेला याहून भक्कम पुरावा नाही.

डोंबिवली-ठाण्यातल्या जुन्या इमारती आज पुनर्विकासाला जात आहेत. घर रिकामं करताना माळ्यावरची ट्रंक थेट रद्दीवाल्याकडे देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पत्रं पाकिटांसकट ठेवावीत, कारण तारखेचा शिक्का पाकिटावर असतो. टाचण्या आणि स्टेपल काढाव्यात, त्या गंजून कागद खातात. फाटलेल्या कडांना सेलोटेप लावू नये. कोणाचं पत्र, कोणाला, घरात कसं आलं, एवढं वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहावं आणि मग जवळच्या जुन्या ग्रंथसंग्रहालयाशी बोलावं.