पूर्वजांचा शोध आणि नोंदीचे प्रयोजन : श्रीगोंदा परिसराच्या संदर्भात

वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासात लेखकाचे चरित्र सिद्ध करताना त्याच्या कुळाचा प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित होतो. लेखकाचे घराणे कोठून आले, त्याच्या पूर्वजांचा व्यवसाय कोणता होता, धर्मांतर वा स्थलांतर केव्हा झाले, या प्रश्नांची उत्तरे बहुधा आख्यायिका व कुटुंबातील आठवणी यांच्या आधारे दिली जातात. कागदोपत्री पुराव्याकडे अभ्यासक वळतो तेव्हा तो जनगणना, चर्चमधील नोंदवह्या, वतनाचे कागद यांना सारख्याच स्वरूपाची साधने समजतो. वस्तुतः यांपैकी एकही नोंद वंशावळ सिद्ध करण्यासाठी झालेली नसते. ती कर वसूल करण्यासाठी, हक्क शाबीत करण्यासाठी किंवा एखादा संस्कार झाल्याची साक्ष म्हणून केलेली असते. म्हणून नोंदीचे प्रयोजन कोणते, हा प्रश्न नोंदीतील नावापेक्षा आधी विचारावयास हवा. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीगोंदा हा परिसर समोर ठेवून या साधनांचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. जनगणना : एक अपेक्षाभंग

पाश्चात्त्य देशांत पूर्वजांचा शोध घेणाऱ्यास जनगणनेचा मोठा आधार मिळतो. इंग्लंडमध्ये शंभर वर्षे उलटल्यावर कुटुंबवार पत्रके अभ्यासकांना खुली होतात. १९२१ ची पत्रके २०२२ मध्ये अशीच खुली झाली. भारतातही १८७२ पासून शिरगणती होत आली आणि १८८१ पासून ती देशभर एकाच वेळी होऊ लागली. परंतु येथे व्यक्तीची नोंद केवळ आकडे काढण्याचे साधन मानली गेली. कोष्टके तयार झाली की मूळ पत्रके जतन करण्याचे कारण उरत नसे. पुढे १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ ने व्यक्तिगत नोंदी पाहण्यास मनाई केली व त्या पुरावा म्हणून ग्राह्य धरण्यासही प्रतिबंध केला.

याचा अर्थ जनगणना निरुपयोगी आहे असा नव्हे. गावाची लोकसंख्या, साक्षरता, धर्मवार व जातवार प्रमाण यांची माहिती तिच्या अहवालांतून मिळते. पूर्वज ज्या समाजात वावरले त्याचे चित्र ती देते, पूर्वजाचे नाव देत नाही. हा भेद ध्यानात न घेतल्यास अभ्यासक नसलेल्या साधनाच्या शोधात वेळ दवडतो.

२. नावाचा प्रश्न आणि वतनाचे कागद

श्रीगोंद्याचे जुने नाव चांभारगोंदे. जुन्या कागदांत ते या नावाने येते, त्यामुळे केवळ आजचे ग्रामनाम शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. आडनावाचेही तसेच आहे. ‘श्रीगोंदेकर’ हे आडनाव मूळ गावाकडे निर्देश करते, विशिष्ट कुळाकडे नव्हे. बडोद्याच्या प्राच्य ग्रंथमालेत ‘मानसोल्लासा’चे संपादन करणारे जी. के. श्रीगोंदेकर यांचे नाव अभ्यासकांना परिचित आहे, पण एवढ्यावरून त्यांचा संबंध त्याच आडनावाच्या दुसऱ्या कुटुंबाशी जोडता येणार नाही. गाव सोडल्यावरच माणसाला गावाचे नाव चिकटते. गावात असताना तो पाटील, कुलकर्णी, सुतार वा नुसता ‘अमुक बिन तमुक’ असतो.

मोडी कागदांतील ही पद्धती अभ्यासकाने आत्मसात करावयास हवी. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. शुहूर सनात ५९९ किंवा ६००, दक्षिणी फसलीत ५९० किंवा ५९१ आणि शकात ७८ किंवा ७९ मिळविले असता इसवी सन येतो. दोन पर्यायांपैकी कोणता घ्यावा हे महिन्यावरून ठरते. एका वर्षाच्या चुकीने बाप आणि मुलगा यांचे कर्तेपण एकात एक मिसळते.

वंशाची सर्वांत सविस्तर माहिती वतनाच्या तंट्यात निर्माण झालेल्या महजर व करीना या कागदांत सापडते. वादी आपल्या आजा-पणजापासून हकीकत सांगतो, कारण त्यावर त्याचा हक्क अवलंबून असतो. मात्र त्याच कारणाने ही हकीकत पक्षपाती असते. हरलेल्या भाऊबंदाची शाखा तीतून गळते, विभागणी न झालेल्या कुटुंबातील मुलींचा उल्लेख क्वचितच होतो. श्रीगोंदे हे शिंदे घराण्याशी दीर्घकाळ निगडित राहिल्याने येथील काही कुटुंबांचा माग महाराष्ट्राबाहेर, ग्वाल्हेरकडे जातो. आनंदराव भाऊ फाळके यांनी प्रसिद्ध केलेली ‘शिंदेशाही इतिहासाची साधने’ या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत.

संतचरित्राच्या अभ्यासकाला आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. ‘योगसंग्राम’कर्ते शेख महंमद यांचे वास्तव्य श्रीगोंद्यास होते. वा. सी. बेंद्रे यांनी १९५९ मध्ये या ग्रंथाची आवृत्ती सिद्ध केली. परंपरा त्यांचे मूळ बीडकडील वाहिरे येथे दाखविते, पित्याचे नाव राजमहंमद व आईचे फुलाई असे सांगते, आणि मालोजीराजे भोसले यांच्याशी त्यांचा संबंध जोडते. त्यांचे गुरू चांद बोधले. म्हणजे एकाच व्यक्तीच्या मागे दोन परंपरा उभ्या राहतात : एक जन्माची, दुसरी अनुग्रहाची. संतवाङ्मय गुरुपरंपरा आवर्जून नोंदविते. इनामाचे कागद वहिवाटदाराचे नाव नोंदवितात. वहिवाटदार हा पुत्र असेल, पुतण्या असेल किंवा शिष्यही असेल. हे तपासल्याशिवाय गुरुपरंपरेचे वंशावळीत रूपांतर करणे युक्त नव्हे.

३. चर्चमधील नोंदवह्या

वतनाच्या कागदांत ज्यांना स्थान नव्हते अशा अनेकांची पहिली सलग कौटुंबिक नोंद नगर जिल्ह्यात चर्चच्या वहीत झाली. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर येथे केंद्र स्थापिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एस. पी. जी. हे अँग्लिकन मिशन व रोमन कॅथॉलिक जेझुइट यांचेही कार्य जिल्ह्यात सुरू झाले. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर धर्मांतरितांची संख्या वाढली. एखादे कुटुंब एका मिशनकडून दुसऱ्याकडे गेल्याची शक्यता लक्षात घेता शोध एकाच वहीवर थांबविता येत नाही. खेड्यातील कुटुंबाची नोंद त्या खेड्यातच असेल असेही नाही. ज्या केंद्राचा पाळक तेथे जात असे त्या केंद्राची वही पाहावी लागते. कॅथॉलिक नोंदींच्या बाबतीत पुणे धर्मप्रांत १८८६ मध्ये आणि नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये स्थापन झाला, ही प्रशासकीय फेररचनाही ध्यानात ठेवावी लागते.

या वह्यांतही प्रयोजनानुसार माहिती बदलते. कॅथॉलिक बाप्तिस्मा-नोंदीत आई, बाप व धर्ममातापिता यांची नावे येतात, भाषा बहुधा लॅटिन असते आणि पुढे झालेल्या विवाहाची टीप त्याच नोंदीच्या समासात केली जाते. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार होणाऱ्या नोंदीत वधूवरांचे वय, व्यवसाय, निवासस्थान व दोघांच्या वडिलांची नावे असतात. आईचे नाव मात्र नसते. म्हणून स्त्रीपरंपरेचा माग काढावयाचा तर विवाहाच्या वहीकडून बाप्तिस्म्याच्या वहीकडे जावे लागते. दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांच्या बाबतीत पालकांच्या जागी संस्थेचाच उल्लेख आला तर वंशाचा धागा तेथे तुटतो. ही रिकामी जागा अनुमानाने भरू नये. ती रिकामी आहे हीच त्या जीवनाविषयीची माहिती होय.

४. गावदप्तर

शोधाचा क्रम आजपासून मागे असा असावा. सातबारा, त्यामागील फेरफार आणि वारसनोंदी यांवरून दोन-तीन पिढ्या निश्चित होतात. गाव नमुना क्रमांक १४, म्हणजे ‘कोतवाल बुक’ या नावाने ओळखली जाणारी जन्ममृत्यूची वही, त्याआधीचा काळ उलगडते. बारशापूर्वीच वर्दी दिली जात असल्याने तीत पुष्कळदा मुलाचे नाव नसते, केवळ बापाचे नाव, जात व ‘मुलगा’ वा ‘मुलगी’ एवढाच उल्लेख असतो. शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव मिळते, परंतु जन्मतारीख अनेकदा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते. १ जून ही तारीख किती विद्यार्थ्यांपुढे आढळते हे पाहिले तरी याची कल्पना येईल. पैठण, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्याही उपयुक्त ठरतात, मात्र यात्रेला जाण्याची ऐपत व रीत ज्यांच्यात होती त्यांच्याच पिढ्या तेथे सापडतात.

५. नोंद आणि न्याय

हा केवळ पद्धतीचा प्रश्न नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा मोडी कागद, कोतवाल बुके व शाळांची रजिस्टरे एकाएकी सार्वजनिक महत्त्वाची झाली. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या बाबतीत २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा पुरावा निर्णायक मानला जातो. ज्यांचे पूर्वज भूमिहीन होते, शाळेत गेले नाहीत, कामासाठी गावोगाव फिरले, त्यांच्यापाशी असा कागद असण्याची शक्यता सर्वांत कमी. ज्याला पुराव्याची गरज अधिक, त्याच्याच वाट्याला नोंद कमी आली आहे.

ख्रिस्ती कुटुंबांच्या संदर्भात हा पेच अधिक नाजूक होतो. १९५० च्या आदेशाने ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळले. एकच व्यक्ती गावदप्तरात पूर्वाश्रमीच्या जातीने व चर्चच्या वहीत ख्रिस्ती म्हणून आढळल्यास एक नोंद खरी व दुसरी खोटी असा निवाडा करण्याची घाई अभ्यासकाने करू नये. तलाठी व पाळक यांनी विचारलेले प्रश्नच वेगळे होते. शिवाय हयात वंशजांच्या संमतीवाचून अशी नोंद प्रबंधात छापणे म्हणजे त्यांच्या दाखल्याशी खेळणे होय, हेही विसरू नये.

नारायण वामन टिळक यांचा १८९५ मधील बाप्तिस्मा आणि त्याआधीची घालमेल लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे मराठी वाचकाला ज्ञात झाली. नगर जिल्ह्यातील असंख्य बाप्तिस्म्यांच्या मागे वहीतील एक ओळ तेवढी उरली आहे. ग्रामीण, दलित व ख्रिस्ती लेखकांची चरित्रे लिहिताना ती ओळ कोणी, कोणासाठी व कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहिली याचा विचार केला, तर तिच्यातून बरेच निष्पन्न होऊ शकेल. तसा विचार न करता ती उद्धृत केली, तर आख्यायिकेच्या जागी दुसरी आख्यायिकाच प्रस्थापित होईल.