धाप लागते? साखरही तपासा

'वय झाले, धाप लागायचीच,' असे म्हणत परंदवडीसारख्या मावळातील गावांतून अनेक वडीलधारी माणसे दुखणे अंगावर काढतात. विडीचा किंवा चुलीचा धूर वर्षानुवर्षे छातीत गेला की श्वासनलिका अरुंद होतात. विडीला कधी हात न लावलेल्या आजीबाईंनाही चुलीपायी हा विकार जडतो.

मात्र तो फुप्फुसांपुरता राहत नाही. धापेमुळे माणूस चालणे सोडतो. जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायूंत खर्ची पडते. स्नायू झिजले की ती रक्तात साठते. धाप बळावल्यावर दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनीही साखर वाढते. उलट मधुमेह ताब्यात नसेल तर न्यूमोनिया लवकर गाठतो आणि क्षयाचा धोका दुप्पट-तिप्पट होतो.

म्हणून धाप लागणाऱ्यांनी साखर तपासावी. मधुमेहींनी दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिल्यास थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत, अचानक बंदही करू नयेत. इनहेलरचे औषध अल्प मात्रेत थेट छातीत जाते. त्याची सवय लागते हा गैरसमज आहे. इंद्रायणीचा भात सोडायला नको. पण ताटात भात कमी आणि डाळ, उसळ, भाजी जास्त असावी. धूर टाळावा, झेपेल तेवढे रोज चालावे.

बोलतानाही धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा.