घरातल्या प्रत्येकाचं वजन लिहून ठेवा

पाचाडहून लकव्याचा पेशंट महाडकडे निघतो, तेव्हा त्याला उभं राहता येत नाही, कधी बोलताही येत नाही. मेंदूत रक्ताची गुठळी असेल तर साडेचार तासांच्या आत ती विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. त्यातल्या अल्टेप्लेजचा डोस किलोमागे ०.९ मिलिग्रॅम: ५० किलोला ४५, ७० किलोला ६३. जास्त झाला तर मेंदूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. काट्यावर उभं करता येत नाही, म्हणून नर्स असताना आम्ही नजरेनंच वजन ठरवायचो. छाती-पोटाच्या सीटी स्कॅनवरून संगणक वजनाचा अंदाज काढू शकतो. पण लकव्यात आधी डोक्याचा स्कॅन होतो.

म्हणून आयाबहिणींनो, उपकेंद्रात सगळ्यांचं वजन करा, तारखेसह फाईलवर लिहा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला की घड्याळ बघा, १०८ ला फोन करा. डॉक्टरांना वेळ सांगा, वजनही सांगा.