दिल्लीचा जानेवारी आणि काकडीचे बी

जानेवारीच्या आरंभी दिल्लीच्या आसपास उघड्या शेतात काकडीचे बी पेरले, तर ते बहुधा उगवत नाही. गार, ओल्या मातीत पडून कुजते. तरीही काकडी, दुधी भोपळा, कारले यांच्या उन्हाळी पिकाची तयारी तेथील शेतकरी याच महिन्यात करतात. महाराष्ट्रातील वाचकास याचे नवल वाटेल. कोकणात भात कापून झाल्यावर त्याच जमिनीत कलिंगड लावता येते. थंडीची चिंता तेथे सहसा करावी लागत नाही. दिल्लीची गोष्ट निराळी आहे. सफदरजंग वेधशाळेत 16 जानेवारी 1935 रोजी पारा उणे 0.6 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता.

मग थंडी सरेपर्यंत थांबावयास काय हरकत आहे? हरकत आहे ती पुढे येणाऱ्या उन्हाची. फेब्रुवारीच्या अखेरीस बी पेरले तर वेल एप्रिलमध्ये फुलावर येतो आणि मे महिन्याच्या लूमध्ये सापडतो. त्या वेळी दिल्लीचे तापमान 40 अंशांच्याही वर जाते. या वेलींवर नर व मादी फुले वेगळी असतात आणि फळ धरते ते केवळ मादी फुलास. लहान दिवस व सौम्य हवा यांत मादी फुले अधिक येतात; दिवस लांबले, उष्णता वाढली की नर फुलांचे प्रमाण वाढते. वेल हिरवागार दिसतो, पिवळ्या फुलांनी भरतो, पण टोपली रिकामीच राहते. म्हणून पेरणीचा दिवस ठरविताना थंडी केव्हा संपते एवढेच पाहून भागत नाही. लू केव्हा सुरू होते तेथून मागे मोजत यावे लागते.

यमुनेच्या वाळवंटात शेती करणाऱ्यांना हे फार पूर्वीच उमगले होते. पूर ओसरल्यावर ते वाळूत ओलीपर्यंत चर खणीत, त्यांत शेणखत घालीत व मोड आणलेले बी लावीत. वायव्येकडून येणारे गार वारे अडविण्यासाठी चराच्या त्या बाजूस गवताचे तिरपे आडोसे उभारीत. युक्ती साधी, परंतु अचूक होती. नदीचे पाणी मात्र पुढे इतके दूषित झाले की 2015 साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील यमुनेच्या पूरक्षेत्रात खाद्यपिके घेण्यास मनाई केली.

पुसा येथील भारतीय कृषि संशोधन संस्थेने याच तत्त्वावर पॉलिथीनच्या पिशव्यांची रीत सुचविली. सुमारे 15 सेंटिमीटर उंच व 10 सेंटिमीटर रुंद पिशवीत माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समभाग भरतात. तळाशी पाण्याच्या निचऱ्यासाठी भोके पाडतात. बी भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून उबेत ठेवतात व मोड येताच पिशवीत लावतात. पिशवीच का, असा प्रश्न कोणी विचारील. टोमॅटोचे रोप वाफ्यातून उपटून लावले तरी सावरते. काकडीच्या वर्गातील रोपांची मुळे दुखावली की ती पुन्हा नीट फुटत नाहीत. पिशवी फाडून मातीच्या गोळ्यासह रोप लावल्याने मुळांना धक्का बसत नाही.

पिशव्या प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली ठेवतात. सुमारे महिन्याभरात दोन ते चार खरी पाने येतात. त्यापुढे रोप पिशवीत ठेवणे हितावह नाही. लावणीपूर्वी काही दिवस पाणी कमी करून, दिवसा आच्छादन उघडून रोपे बाहेरच्या हवेस सरावून घेतात. लावणी फेब्रुवारीत, दव गोठण्याचे भय सरल्यावर होते.

काही शेतकरी शेतातच वाकविलेल्या तारांवर पातळ प्लॅस्टिक ताणून सरीवर बुटका बोगदा करतात व लावणी आणखी लवकर उरकतात. थंडी त्यात शिरत नाही; पण मधमाशीही शिरत नाही. परागाची ने-आण तिच्यावाचून होत नसल्यामुळे, फुले उमलू लागताच ते प्लॅस्टिक काढावेच लागते, मग पहाटेचा गारवा अजून बोचत असला तरी.