बांधावरची सुनावणी

आमच्याकडे बांध फुटत नाही, कोरला जातो. दरवर्षी पलीकडच्या नांगराचे एक तास आत सरकते आणि दहा-पंधरा वर्षांनी ध्यानात येते की, आपले गुंठा-दोन गुंठे गेले. ट्रॅक्टर आल्यापासून एवढा धीरही कोणाला राहिलेला नाही.

आपली चळवळ अशा तंट्यांकडे गावातली किरकोळ भांडणे म्हणून पाहते. मला हे पटत नाही. आपल्याकडे जमीन आहे ती बहुतेक हाडकी-हाडोळ्याची. वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले ते 1928 साली; कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने रद्द व्हायला 1958 साल उजाडले. त्यातून जे तुकडे नावावर राहिले, त्यांच्या लगत बहुधा मोठा खातेदार असतो. आणि यातला उपरोध असा की, जुन्या गावगाड्यात शिवेचा तंटा निघाला म्हणजे महाराची साक्ष घेत, कारण शीव त्याच्या पायाखालची असे. ज्याच्या साक्षीने गावाची शीव ठरली, त्याच्या शेताची हद्द आज त्याच्या माघारी ठरते.

माझे चुलते, तात्या, दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले. मागे शेजाऱ्याने मोजणी आणली. लगतच्या खातेदाराला नोटीस द्यावी लागते. ती तात्यांच्या कुलूपबंद दाराला चिकटवली गेली. पौषात तारेचे कुंपण उभे राहिले, चार गुंठे आत घेऊन. तात्या चैत्रात परतले. 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली आम्ही तहसीलदारांकडे दावा लावला. बेकायदा ताबा काढून घेतला तर तो परत देण्याचा अधिकार त्यांना आहे, मात्र सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. ऊसतोडीचा हंगामही जवळजवळ तेवढाच असतो! हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोयता घेऊन परमुलखात जाणारा शेतकरी नव्हता, हे उघड आहे.

स्थळपाहणीला जीप आली ती शेजाऱ्याच्या वस्तीवर थांबली. चहा तिथेच झाला, पंचही तिथलेच निघाले. तात्यांचा अंगठा घेतला गेला. पुढे तारखेला साहेबांनी विचारले, "अंगठा तुमचाच ना?" तात्या म्हणाले, "अंगठा माझाच हाय साहेब, पण कागद कोरा व्हता." हे वाक्य कोणी लिहून घेतले नाही. निकालात मात्र आले : 'वादीचे म्हणणे ऐकले.'

आपले कार्यकर्ते येथे चुकतात. ते म्हणतात, ही सगळी कागदी तांत्रिकता. खरा प्रश्न जमीन कोणाची हा. परंतु जमीन कोणाची हे ठरते त्या कागदावरच. 1863 साली इंग्लंडात कूपर नावाच्या माणसाचे अर्धवट बांधलेले घर वँड्सवर्थच्या स्थानिक मंडळाने पाडले. मंडळाचे म्हणणे, याने बांधण्यापूर्वी सूचना दिली नाही आणि कायद्याने आम्हाला पाडण्याचा अधिकार आहे. कायद्यात सुनावणीचा शब्दही नव्हता. तरी न्यायालयाने म्हटले की, पाडण्यापूर्वी त्याला विचारायला हवे होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1969 साली क्राइपाक खटल्यात एका निवडमंडळाची निवड रद्द केली, कारण उमेदवारच त्या मंडळावर बसला होता. नैसर्गिक न्यायाची ही दोन अंगे आहेत : दुसऱ्याचेही ऐका, आणि स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्यायाधीश होऊ नका. शेजाऱ्याच्या घरचा चहा पिऊन पंचनामा लिहिणारा माणूस न्यायाधीश नसेलही. पण न्यायाधीश पुढे त्याच्याच डोळ्यांनी शेत पाहतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही (1966) हे आहे. कलम 135 प्रमाणे हद्दीचा वाद रीतसर चौकशी करून, हितसंबंधितांना हजर राहून पुरावा देण्याची संधी देऊनच मिटवायचा असतो. हे एक कलम ठाऊक असले तरी कोऱ्या कागदावर अंगठा देण्यापूर्वी माणूस हात मागे घेईल.

मामलेदार न्यायालयाच्या निकालावर अपील नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण होते. तेथे आम्ही चार गुंठ्यांबद्दल अवाक्षर काढले नाही. दोनच मुद्दे मांडले : पंचनामा वाचून दाखवला नाही, आणि वादीचा जबाब दप्तरात नाही. दप्तर तपासले गेले. जबाब खरोखरच नव्हता. निकाल रद्द होऊन प्रकरण फेरचौकशीला आले आणि दोघांच्या समक्ष पुन्हा मोजणी झाली.

आता जे सांगतो ते काहींना आवडणार नाही. त्या मोजणीत आमचे चार नव्हे, दीडच गुंठा निघाला. उरलेले अडीच खरोखर शेजाऱ्याचे होते. जुना बांधच वाकडा होता. मला वाटले, तात्या चिडतील. ते मोजणीदाराबरोबर खुणेखुणेवर उन्हात फिरले होते, प्रत्येक दगड त्यांनी हाताने चाचपला होता. "हितं आपलं न्हाई," एवढेच म्हणाले, आणि दीड गुंठ्यावरची तार काढायला शेजाऱ्याच्या गड्याला हात लावू लागले. शेजारी काही बोलला नाही. त्यालाही बोलायला जागा उरली नव्हती.

यंदा ऊसतोडीला निघण्यापूर्वी तात्या तलाठ्याकडे गेले. माझ्या जमिनीसंबंधी कोणतीही नोटीस निघाली तर ती माझ्या पुतण्याच्या पत्त्यावरही पाठवावी, असा अर्ज त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला होता. अंगठा देण्याआधी तो दोनदा वाचून घेतला. पोच घडी घालून त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.