जुन्या क्रॉलर ट्रॅक्टरच्या विद्युत् यंत्रणेचे अल्टरनेटरमध्ये रूपांतर : तत्त्व, कार्यपद्धती आणि जतनाचा विवेक

गोषवारा :
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व मध्यावर तयार झालेल्या क्रॉलर ट्रॅक्टरमध्ये विद्युत्‌निर्मितीसाठी एकदिश प्रवाहाचे जनित्र, म्हणजे डायनॅमो, वापरले जात असे. असे ट्रॅक्टर आजही वापरात ठेवू इच्छिणारे अनेक जण त्या जागी अल्टरनेटर बसवतात. प्रस्तुत लेखात या दोन यंत्रांमधील तात्त्विक भेद, रूपांतराची कार्यपद्धती, त्यातील धोके आणि मूळ यंत्राच्या जतनाचा प्रश्न यांचा विचार केला आहे.

सूचक शब्द : क्रॉलर ट्रॅक्टर, डायनॅमो, अल्टरनेटर, डायोड, ध्रुवता, यंत्रवारसा

प्रस्तावना :
२४ नोव्हेंबर १९०४ रोजी कॅलिफोर्नियातील स्टॉक्टनजवळ बेंजामिन होल्ट यांनी चाकांऐवजी साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या वाफेच्या ट्रॅक्टरची चाचणी घेतली. मऊ, दलदलीच्या जमिनीत रुतणाऱ्या अवजड यंत्रांच्या प्रश्नावरचे ते उत्तर होते. पुढे १९२५ मध्ये होल्ट आणि बेस्ट या दोन कंपन्यांच्या एकत्रीकरणातून कॅटरपिलर ट्रॅक्टर कंपनी स्थापन झाली. भारताशीही या यंत्रांचा जवळचा संबंध आला. स्वातंत्र्यानंतर मध्य भारतातील कांस गवताने ग्रासलेली जमीन लागवडीखाली आणण्याचे काम केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने हाती घेतले आणि त्यासाठी लागणाऱ्या यंत्रसामग्रीकरिता १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज दिले.

या पिढीतील अनेक यंत्रे अजूनही चालू स्थितीत आढळतात. त्यांचे इंजिन, गिअर व साखळ्या भक्कम असतात. परंतु विद्युत् यंत्रणा मात्र दुबळी पडते. चाकांचा लहान ट्रॅक्टर बॅटरी उतरली तर उतारावरून ढकलून किंवा ओढून चालू करता येतो. क्रॉलर ट्रॅक्टरच्या बाबतीत तो मार्ग जवळजवळ बंद असतो. त्यामुळे बॅटरीचे भारण नीट होणे ही येथे केवळ सोयीची बाब राहत नाही.

सर्वच जुन्या ट्रॅक्टरांची गरज सारखी नसते :
रूपांतराचा विचार करण्यापूर्वी यंत्र कोणत्या प्रकारचे आहे हे पाहणे आवश्यक ठरते. ढोबळ मानाने तीन प्रकार संभवतात.

पहिला प्रकार मॅग्नेटोवर चालणाऱ्या यंत्रांचा. कॅटरपिलर 'सिक्स्टी'सारखे ट्रॅक्टर फ्लायव्हीलमध्ये लोखंडी पहार घालून हाताने फिरवून चालू करीत. ठिणगीसाठी लागणारी वीज मॅग्नेटो स्वतःच निर्माण करीत असल्याने बॅटरीची आवश्यकताच नसे. दुसरा प्रकार छोट्या पेट्रोल इंजिनाच्या साहाय्याने चालू होणाऱ्या डिझेल यंत्रांचा. १९३८ ते १९५७ या काळात तयार झालेला कॅटरपिलर 'डी-२' हे त्याचे परिचित उदाहरण होय. तेथे वीज मुख्यतः दिव्यांपुरती लागे. तिसरा प्रकार बॅटरी, इग्निशन कॉइल व स्टार्टर मोटर यांवर पूर्णतः अवलंबून असलेल्या पेट्रोल यंत्रांचा. १९४९ ते १९५२ दरम्यानचा जॉन डिअर 'एमसी' हा ६ व्होल्ट यंत्रणेचा ट्रॅक्टर या वर्गात मोडतो.

यांपैकी तिसऱ्या प्रकारात रूपांतराची उपयुक्तता सर्वाधिक आहे. पहिल्या प्रकारात ते बहुधा अनावश्यकच ठरते.

डायनॅमो आणि अल्टरनेटर : भेद नेमका कोठे ?
'डायनॅमो एकदिश प्रवाह निर्माण करतो आणि अल्टरनेटर प्रत्यावर्ती' असे सर्रास सांगितले जाते. हे विधान अपुरे आहे. फॅरडे यांनी १८३१ मध्ये मांडलेल्या विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तनाच्या नियमानुसार चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या वेटोळ्यात निर्माण होणारा विद्युत्‌दाब प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलतो. म्हणजेच दोन्ही यंत्रांच्या अंतरंगात प्रत्यावर्ती प्रवाहच जन्म घेतो. फरक आहे तो हा प्रवाह एकदिश कोठे व कसा केला जातो याचा.

डायनॅमोमध्ये हे काम दिक्परिवर्तक व कार्बन ब्रश यांत्रिक रीतीने करतात. चुंबकीय क्षेत्र स्थिर असते आणि मुख्य प्रवाह वाहणारा आर्मेचर फिरतो. परिणामी सर्व प्रवाह ब्रशमधून बाहेर काढावा लागतो. ठिणग्या पडतात, तांब्याचे पट्टे झिजतात. शिवाय फार वेगाने फिरवल्यास केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे आर्मेचरमधील तारा व पट्टे निखळण्याचा धोका असल्याने डायनॅमोचा वेग मर्यादित ठेवावा लागतो. म्हणून इंजिन मंद गतीने चालू असताना तो बॅटरीला काहीच देऊ शकत नाही.

अल्टरनेटरमध्ये रचना उलटी असते. क्षेत्र निर्माण करणारा रोटर फिरतो आणि मुख्य प्रवाह स्थिर स्टेटरच्या तीन वेटोळ्यांत निर्माण होतो. ब्रशमधून फक्त काही अँपिअरचा उत्तेजन प्रवाह जातो. तीन कलांचा प्रवाह सहा सिलिकॉन डायोड एकदिश करतात. ही कल्पना जुनीच होती. परंतु लहान, टिकाऊ व स्वस्त डायोड उपलब्ध होईपर्यंत ती मोटारींत सार्वत्रिक होऊ शकली नाही. क्रायस्लर कंपनीने १९६० च्या 'व्हॅलियंट' मोटारीत अल्टरनेटर दिला आणि त्यानंतर डायनॅमो झपाट्याने मागे पडला.

या भेदातून नियंत्रणाचीही सोय होते. डायनॅमोच्या रेग्युलेटरमध्ये बहुधा तीन घटक असतात : बॅटरीतून उलटा प्रवाह जाऊ न देणारा 'कट-आउट', दाब नियंत्रक आणि प्रवाह मर्यादक. अल्टरनेटरमध्ये उलटा प्रवाह डायोडच अडवतात. वेग वाढला की वारंवारता वाढते, तिच्याबरोबर स्टेटरचा प्रेरणी अवरोध वाढतो आणि प्रवाह आपोआप मर्यादित राहतो. उरते केवळ दाब नियंत्रण. डेल्को-रेमीच्या '१० एसआय' या अल्टरनेटरमध्ये तेही आतच सामावलेले आहे. जुन्या ट्रॅक्टरच्या रूपांतरासाठी अमेरिकेत हा अल्टरनेटर लोकप्रिय ठरण्याचे हे एक कारण होय.

रूपांतराची कार्यपद्धती :
(१) ध्रुवता : ६ व्होल्टच्या पुष्कळ जुन्या यंत्रांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. सर्वसामान्य अल्टरनेटरला ऋण टोक सांगाड्याला हवे असते. हे न पाहता जोडणी केल्यास डायोडमधून बॅटरीचा थेट प्रवाह वाहून ते क्षणार्धात जळतात. म्हणून बॅटरीच्या जोडण्या बदलताना अँमीटरच्या आणि इग्निशन कॉइलच्या प्राथमिक बाजूच्या तारांचीही अदलाबदल करावी लागते. स्टार्टर मोटर मात्र पूर्वीच्याच दिशेने फिरते. कारण तिच्या श्रेणी-जोडणीत क्षेत्र व आर्मेचर या दोहोंतील प्रवाह एकदमच उलटतो.

(२) दाब : ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर जाताना दिव्यांचे बल्ब बदलावे लागतात. ६ व्होल्टची कॉइल तशीच ठेवल्यास संपर्कबिंदू लवकर जळतात. १२ व्होल्टची कॉइल किंवा योग्य श्रेणी-प्रतिरोध वापरणे आवश्यक असते. ६ व्होल्टचा स्टार्टर १२ व्होल्टवर चालतो. पण तो अधिक प्रवाह ओढतो आणि फ्लायव्हीलच्या दात्यांवर जोराने आदळतो. त्यामुळे तो थोडा थोडा वेळच वापरावा लागतो.

(३) वेगाचे गुणोत्तर : जुन्या क्रॉलरची इंजिने मंदगती असतात. इंजिन मंदावस्थेत मिनिटाला ५०० आणि पूर्ण गतीला १५०० फेरे घेते असे मानू. क्रँकशाफ्टची पुली १५० मिलिमीटर आणि अल्टरनेटरची ६२.५ मिलिमीटर व्यासाची असल्यास गुणोत्तर २.४ येते, म्हणजे अल्टरनेटर अनुक्रमे १२०० व ३६०० फेरे घेतो. हा वेग भारणास पुरेसा ठरू शकतो. जुन्या यंत्रांचे पट्टे रुंद असतात, त्यामुळे पुलीची खाच पट्ट्याशी जुळणारी हवी आणि सर्व पुल्या एका रेषेत याव्यात. काही यंत्रांत जनित्र पट्ट्याऐवजी दंतचक्राने फिरते. तेथे हे काम बरेच अवघड होते.

(४) तारा व अँमीटर : ७ व्होल्ट दाबाने २० अँपिअर देणाऱ्या डायनॅमोची शक्ती १४० वॅट भरते. १४ व्होल्ट दाबाने ६३ अँपिअर देणाऱ्या अल्टरनेटरची शक्ती ८८२ वॅट होते. जुन्या बारीक तारा आणि ३० अँपिअरचा अँमीटर हा प्रवाह सोसू शकत नाहीत. पूर्ण उतरलेली बॅटरी भारित होत असताना अशा तारा तापून आग लागू शकते. तेलाने माखलेल्या यंत्रात हा धोका गंभीर आहे. म्हणून मुख्य तार जाड घालणे, बॅटरीजवळ फ्यूज बसवणे आणि अँमीटरऐवजी व्होल्टमीटर वापरणे इष्ट होय.

(५) उत्तेजन : '१० एसआय' अल्टरनेटरच्या पहिल्या टोकाला स्विचमधून सूचक दिव्यामार्फत जोड दिला जातो आणि दुसरे टोक दाबाची जाणीव घेण्यासाठी बॅटरीच्या मुख्य तारेला जोडतात. पहिले टोक दिव्याविना थेट कॉइलच्या बाजूला जोडल्यास स्विच बंद केल्यावरही अल्टरनेटरकडून उलटा पुरवठा होऊन पेट्रोल इंजिन चालूच राहू शकते. सूचक दिवा किंवा मध्ये घातलेला डायोड हा दोष टाळतो.

सवयींतून उद्भवणारे धोके :
डायनॅमो नव्याने बसवल्यावर बॅटरीचा क्षणिक स्पर्श देऊन त्याला 'ध्रुवित' करण्याची जुन्या कारागिरांची पद्धत आहे. डायनॅमोपुरती ती योग्यच; अल्टरनेटरवर तीच क्रिया केल्यास मात्र तो निकामी होऊ शकतो. भारण होते की नाही हे पाहण्यासाठी इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढणे हीदेखील अशीच एक सवय. त्या वेळी दाब एकाएकी उसळून डायोड व नियामक नष्ट होतात. योग्य परीक्षा साधी आहे : इंजिन बंद असताना भारित बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दाब दिसावा. सांगाड्यावर वेल्डिंग करण्यापूर्वी मात्र बॅटरी व अल्टरनेटर दोन्हींच्या जोडण्या सोडवाव्यात.

जतनाचा विवेक :
वरील सर्व लाभ मान्य करूनही एक प्रश्न शिल्लक राहतो. डायनॅमो, त्याचा तीन घटकांचा रेग्युलेटर आणि ६ व्होल्टची बॅटरी हा त्या ट्रॅक्टरच्या इतिहासाचा भाग आहे. डायोड स्वस्त होण्यापूर्वीच्या अभियंत्यांनी वेग, झीज व नियंत्रण यांचा मेळ कसा घातला याचा तो प्रत्यक्ष पुरावा होय. रूपांतराच्या ओघात हे भाग भंगारात गेले तर पुरावाही नाहीसा होतो. त्यातच अनेकदा मूळ दोष डायनॅमोचा नसतोच. गंजलेली सांगाड्याची जोडणी, झिजलेले ब्रश किंवा गरजेपेक्षा बारीक बॅटरी-तारा हीच कारणे निघतात. ६ व्होल्ट यंत्रणेत तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह दुप्पट लागतो आणि त्यामुळे सैल जोडणीतील दाबाची घट अधिक जाणवते. आधी हे दोष दूर करणे, मग रूपांतराचा विचार करणे, हा क्रम योग्य ठरतो.

रूपांतर करावयाचेच असल्यास ते परत फिरवता येण्याजोगे असावे. मूळ सांगाड्याला नवी भोके न पाडता पूर्वीच्याच बोल्टांवर बसणारी कंस-पट्टी बनवावी. काढलेले भाग खुणेच्या चिठ्ठ्या लावून जपावेत. मूळ व नवीन जोडणीचे आराखडे यंत्रासोबत ठेवावेत. ध्रुवता बदलल्याची ठळक सूचना बॅटरीजवळ लावणे तर अनिवार्यच आहे. पुढील कारागीर जुन्या पुस्तिकेवर विसंबून बॅटरी जोडील आणि यंत्रणा जाळील, ही शक्यता काल्पनिक नाही.

समारोप :
शेतात किंवा बांधकामावर नियमित राबणाऱ्या, बॅटरीवर अवलंबून असलेल्या क्रॉलर ट्रॅक्टरसाठी अल्टरनेटर हा विश्वसनीय पर्याय आहे. संग्रहातील, क्वचितच चालवल्या जाणाऱ्या किंवा मॅग्नेटोवरील यंत्रासाठी मूळ यंत्रणेची दुरुस्ती अधिक उचित होय. भौतिकशास्त्राच्या अध्यापनातही या दोन यंत्रांचे भाग शेजारी शेजारी मांडून पाहण्यासारखे आहेत. प्रवर्तन, ध्रुवता, श्रेणी-जोडणी व अर्धवाहक या पाठ्यपुस्तकात विखुरलेल्या संकल्पना तेथे एका पुलीभोवती एकत्र आलेल्या दिसतात. मात्र त्यासाठी काढलेला डायनॅमो कोणीतरी जपून ठेवलेला असावा लागतो.